सायलेन्सरवाटे जाणारं डिझेल : वाचकांचे प्रश्न

इंजिनची उष्णता कामी आणता येईल का, त्यावर गारवा तयार करता येईल का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं आली आहेत. त्यातली काही इथे घेतली आहेत. उत्तरं वाचण्याआधी एक हिशेब लक्षात असू द्या, तो पुढे वारंवार लागेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे १० युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) उष्णता निघते. शेतावरच्या साध्या इंजिनात त्यातली तीनेक युनिटं शाफ्टवर मिळतात. साधारण तेवढीच धुरावाटे जातात, अडीच-तीन थंड करणाऱ्या पाण्यावाटे, आणि उरलेली इंजिनच्या अंगातून हवेत. धुरातली उष्णता चारशे-साडेचारशे अंशांची असते, पाण्यातली ऐंशी-नव्वदची. दोन्ही सारख्या नाहीत आणि दोन्हींची कामंही वेगळी आहेत.

विहिरीवर ५ एचपीचं डिझेल इंजिन आहे. पंपाच्या डिलिव्हरीतून अर्ध्या इंचाची नळी काढून इंजिनला पाणी दिलं आहे. पाणी थंडगारच बाहेर येतं, इंजिन कधी तापत नाही, तरी डिझेल जास्त लागून राहिलं आहे. पांढरट धूरही येतो. — एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

इंजिन तापत नाही हाच तुमच्याकडचा बिघाड आहे. सिलिंडरची भिंत फार थंड राहिली की जळणाची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी पाण्यात जाते. नोझलमधून आलेले डिझेलचे थेंब भिंतीवर बसतात आणि अर्धवट जळतात. पांढरट धूर म्हणजे तेच न जळलेलं डिझेल. ऑइल घट्ट राहतं, त्यामुळे घर्षण वाढतं. जळताना तयार झालेली वाफ थंड लायनरवर पाणी होऊन बसते, म्हणून लायनर आणि रिंगही लवकर झिजतात.

आकड्यांत पाहा. तुमचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला सव्वा लिटरच्या आसपास डिझेल घेतं आणि त्यातली सुमारे ३ किलोवॉट उष्णता पाण्यात जाते. अर्ध्या इंचाच्या नळीतून मिनिटाला १५ लिटर पाणी वाहत असेल, तर ते जेमतेम ३ अंशांनी तापून बाहेर पडतं. विहिरीचं २८ अंशांचं पाणी ६५ अंशांवर बाहेर पडावं असं वाटत असेल, तर मिनिटाला एक लिटरहून किंचित जास्त पाणी पुरतं. एक लिटरची बाटली भरायला ५० सेकंद लागतात, इतकी बारीक धार. तुमच्याकडे ती बाटली चार सेकंदांत भरत असणार.

करायचं एवढंच : इंजिनच्या पाण्याच्या आत जाणाऱ्या नळीवर कॉक बसवा. बाहेर येणाऱ्या नळीवर कधीही नको. बाहेरची वाट आवळली तर पंपाचा सगळा दाब जॅकेटवर (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या कप्प्यावर) आणि हेड गॅस्केटवर येतो. बाहेरची नळी उघडी, डोळ्यांसमोर पडणारी ठेवा. इंजिन लोडवर वीस मिनिटं चालू द्या, मग कॉक थोडा थोडा आवळत अर्ध्या तासात धार कमी करा आणि पडणाऱ्या पाण्यात थर्मामीटर धरा. ६० ते ६५ अंश पुरेत. थर्मामीटर नसेल तर बोट लावून पाहा. क्षणभर लावता यावं, धरून ठेवता येऊ नये. कॉक आवळताना पाणी अचानक बंद झालं आणि इंजिन भडकलं, तर घाईने थंड पाणी सोडू नका, हेडला तडा जातो. इंजिन बंद करा आणि आपोआप निवू द्या.

पाणी जड असेल तर मात्र ५० ते ५५ अंशांवरच थांबा, कारण त्यावर गेलं की जॅकेटमध्ये क्षार झपाट्याने बसतो. क्षार बसलेल्या जागी लोखंड आतून तापतं आणि बाहेर येणारं पाणी थंडच दिसतं. त्यापेक्षा २०० लिटरचा ड्रम लावून तेच पाणी फिरवणं चांगलं. ड्रम चौथऱ्यावर असा ठेवा की त्याचा तळ इंजिनच्या पाणी-इनलेटच्या वर येईल. तळातून इंजिनला जाणारी आणि हेडवरून ड्रमच्या वरच्या भागात येणारी, अशा दोन्ही नळ्या किमान एक इंची हव्यात आणि वरची नळी सतत चढती असावी. मध्ये कुठे उंचवटा राहिला तर तिथे हवा अडकते आणि फिरणं बंद पडतं. ड्रममधली पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाच्या वरच असली पाहिजे. पातळी खाली गेली की पाणी फिरत नाही आणि नवशिक्यांचं इंजिन इथेच बसतं. एका ड्रमचं पाणी ३० वरून ७० अंशांवर जायला तीन-चार तास लागतात. त्याहून जास्त चालवायचं असेल तर दुसरा ड्रम जोडा. आत छपराचं गाळलेलं पावसाचं पाणी भरा.

फरक पडला की नाही हे अंदाजावर सोडू नका. टाकी आणि फिल्टरच्या मध्ये टी लावून ५०० मिलीची खुणा केलेली बाटली जोडा. तेवढ्या डिझेलवर त्याच लोडला इंजिन किती मिनिटं चालतं ते बदलाआधी आणि बदलानंतर मोजा. पूर्ण लोडला २५ मिनिटांच्या आसपास यायला हवं. बाटली पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, लाइनमध्ये हवा शिरेल. हे करताना फूटवॉलही तपासा. जाळी बुजलेली असेल किंवा सक्शनला जुना गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल, तर इंजिन कितीही सुधारलं तरी ते पाणी ओढण्यातच दमेल.

दूध संकलन केंद्रावर २५ केव्हीएचा जनरेटर आहे. वीज गेली की तोच ५०० लिटरचा बल्क कूलर चालवतो. सायलेन्सरच्या उष्णतेवर चालणारं थंड करण्याचं यंत्र असतं असं ऐकलं. ते लावलं तर डिझेल वाचेल का? — एक दूध संस्था, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

असं यंत्र असतं. त्याला शोषण प्रशीतन म्हणतात. फ्रान्समध्ये फर्दिनां कारे यांनी १८५९ साली अमोनिया आणि पाण्याच्या जोडीवर ते चालवून दाखवलं. साध्या कूलरमध्ये जे काम कॉम्प्रेसर करतो, ते इथे उष्णता करते. थंड पाणी अमोनियाची वाफ पिऊन घेतं, तापवलं की ती परत सोडून देतं. छोटा पंप सोडला तर वीज लागत नाही. तत्त्व उत्तम आहे, पण तुमच्या केंद्राला ते बसत नाही. का, ते पाहू.

५०० लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणायला सुमारे १७ युनिट थंडावा लागतो. चालू स्थितीतला बल्क कूलर उन्हाळ्यातही हे काम ७ युनिट विजेत करतो, म्हणजे तुमच्या जनरेटरचं साधारण सव्वादोन लिटर डिझेल. अमोनियाचं यंत्र १ युनिट उष्णतेतून ०.४ युनिट थंडावा देतं, म्हणजे त्याच दुधाला ४३ युनिट उष्णता हवी. तुमचा जनरेटर १५ किलोवॉट लोडवर तासाला पाचेक लिटर डिझेल घेतो आणि त्याच्या धुरातून खरोखर काढून घेता येण्याजोगी उष्णता ८ किलोवॉट असते. म्हणजे दूध थंड व्हायला पाच तासांहून जास्त वेळ. तोवर दूध टिकत नाही. शिवाय कूलर जनरेटरवरून काढला की लोड उतरतो, धूर थंड होतो आणि मिळणारी उष्णताही घटते.

आता दुसरी बाजू पाहा. कॅन, टाकी आणि नळ्या धुवायला तुम्हाला रोज ७० ते ७५ अंशांचं पाणी लागतंच. २०० लिटर पाणी २८ वरून ७५ अंशांवर न्यायला ११ युनिट उष्णता लागते. हे जनरेटरच्या विजेवर हीटर लावून केलं तर साडेतीन लिटरहून जास्त डिझेल जळतं. धुराच्या उष्णतेवर तेच पाणी सव्वा ते दीड तासात तापतं, आणि त्याला लागतं काय, तर नळ्यांचा एक जुडगा आणि एक टाकी. ज्या उष्णतेतून थंडावा काढताना निम्म्याहून जास्त हातची जाते, तीच उष्णता उष्णता म्हणून वापरली की जवळजवळ सगळी कामी येते. म्हणून आमचा आग्रह आहे की गरम पाण्याची गरज असेल तर आधी ती भागवा.

बांधणी अशी. २५ मिमी बाहेरच्या व्यासाच्या, एक मीटर लांबीच्या १६ बॉयलर ट्यूब घ्या. दोन्ही टोकांना जाड प्लेटमध्ये त्या वेल्ड करून बाहेरून ड्रमसारखं कवच घाला. धूर नळ्यांच्या आतून, पाणी बाहेरून. एवढ्यात सव्वा चौरस मीटर तापणारा पृष्ठभाग मिळतो, ८ किलोवॉटला तो पुरतो. जीआय पाइप अजिबात वापरू नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि वेल्डिंग करताना त्याचा धूर विषारी असतो. दोन्ही टोकांची झाकणं फ्लॅन्जची, बोल्ट काढून उघडणारी ठेवा, कारण दर १५० ते २०० तासांनी नळ्यांतून तारेचा ब्रश फिरवावाच लागतो. काजळीचा पातळ थरही रजईसारखं काम करतो. जुडगा धूर बाहेर जाण्याच्या बाजूला थोडा उतरता बसवा आणि सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा कॉक ठेवा. थंड इंजिन सुरू होताना धुरातलं पाणी तिथे साचतं, ते उलटं इंजिनमध्ये जाता कामा नये. इंजिन आणि जुडग्यामध्ये स्टीलचा लवचिक बेलो हवा, नाहीतर थरथरीने महिनाभरात वेल्ड तुटते.

तीन गोष्टींत तडजोड नको. एक, पाण्याची बाजू कधीही बंद भांडं होता कामा नये. टाकीतून वर एक इंची उघडी नळी काढा, तिच्यावर व्हॉल्व नको. कोंडलेली वाफ माणूस मारते. दोन, पाणी भरल्याशिवाय जनरेटर सुरू करायचा नाही. कोरड्या तापलेल्या नळ्यांवर पाणी सोडलं की प्लेटचे जोड फुटतात. तीन, धूर १८० अंशांच्या खाली नेऊ नका. खाली गेला की नळ्या ओलसर होतात, काजळी चिकटते आणि लोखंड गंजून जातं.

उलटा दाब मोजा. धुराच्या वाटेत काहीही बसवलं की धूर बाहेर ढकलायला इंजिनला जोर लागतो, आणि तो जास्त झाला तर वाचवलेलं डिझेल तिथेच खर्ची पडतं. जुडग्याच्या आधी पाइपला एक बारीक भोक पाडून अर्धा मीटर लोखंडी नळी काढा, तिला पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडून यू आकारात फळीवर बसवा आणि निम्मी पाण्याने भरा. पूर्ण लोडवर दोन्ही बाजूंच्या पातळीत किती सेंटिमीटर फरक पडतो ते पाहा. १० सेंटिमीटर म्हणजे साधारण १ किलोपास्कल. इंजिनला किती उलटा दाब चालतो याचा मॅन्युअलमधला आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असेल तर १ मिमी पारा म्हणजे १.३६ सेंमी पाणी. जुडगा बसवण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. पुढे तो वाढत गेला की समजा, ब्रश फिरवायची वेळ झाली.

तुमचा तालुका खारपाणपट्ट्यातला आहे. बोअरचं पाणी या जुडग्यात घालू नका. ते खारं पाणी तापलं की वेल्डच्या कडा खाऊन टाकतं. पावसाचं किंवा आरओचं पाणी आतल्या बंद फेऱ्यात फिरवा आणि धुण्याचं पाणी टाकीतल्या वेटोळ्यातून तापवा. त्या टाकीवरही उघडी नळी हवीच. कूलरच्या बाबतीत स्वस्त उपाय असा की दूध कूलरमध्ये सोडण्याआधी साध्या पाण्याच्या प्लेट कूलरमधून न्या. ३५ चं दूध ३० वर आलं तरी कूलरचं काम सहाव्या हिश्शाने हलकं होतं.

ट्रॅक्टरसाठी एक किट विकायला आलं होतं. डिझेलची नळी सायलेन्सरला गुंडाळून डिझेल गरम करून इंजिनला द्यायचं, म्हणजे ॲव्हरेज वाढतं म्हणे. घ्यावं काय? — ता. उमरखेड, जि. यवतमाळ

घेऊ नका. इंजेक्शन पंप डिझेल मापाने देतो, वजनाने नाही. डिझेल ४० अंशांनी तापलं की ते तीन टक्क्यांहून जास्त फुगतं, म्हणजे प्रत्येक झटक्याला तेवढं कमी डिझेल आत जातं. शिवाय पातळ झालेलं डिझेल प्लंजरच्या बाजूने गळतं आणि पंपाला लागणारं वंगण घटतं. ट्रॅक्टरची ताकद कमी होते, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर जास्त दाबतो, हिशेब तिथेच संपतो. धोका वेगळाच. तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल गळलं तर ठिणगीशिवाय पेट घेतं. कुटाराच्या गंजीजवळ उभा असलेला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा.

इंधन गरम करणं खरोखर लागतं ते करंजीच्या तेलासारखं घट्ट तेल वापरताना. हे तेल डिझेलच्या दहापटीच्या आसपास घट्ट असतं आणि थंड वापरलं तर नोझलवर कोळसा धरतो. त्यालाही सायलेन्सरची उष्णता नको. रेडिएटरचं ८० अंशांचं पाणी तेलाच्या नळीभोवती फिरवलं की तापमान आपोआप आवरलेलं राहतं. इंजिन डिझेलवर सुरू करायचं आणि बंद करण्याआधी दहा मिनिटं परत डिझेलवर आणायचं, म्हणजे नळीत तेल थिजत नाही. क्रँककेसचं ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलायचं. हे फक्त जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनावर. कॉमन रेल (जास्त दाबाची, इलेक्ट्रॉनिक इंधन व्यवस्था) असलेल्या ट्रॅक्टरला करंजीचं तेल दाखवूही नका.

धुरातली ताकद वापरून इंजिन सुधारण्याचा सिद्ध झालेला उपाय म्हणजे टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांच्या नावे १९०५ सालचं आहे. तुमच्या ट्रॅक्टरला टर्बो असेल तर जड कामानंतर दोन मिनिटं मंद चालवूनच बंद करा. लगेच किल्ली फिरवली की टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच जळून घट्ट होतं.

संत्रा पिकअपने नागपूरला नेतो. गाडीच्या धुरावर चालणारा फ्रीज मागे बसवता येईल का? कॉम्प्रेसरवाली गाडी परवडत नाही. — एक बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती

धुरावर चालण्याजोगा, एकही हलणारा भाग नसलेला फ्रीज आहे. स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो १९२२ मध्ये तयार केला. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतं. पण त्याच्या आत द्रव फिरतो तो बुडबुड्यांच्या आणि उताराच्या जोरावर. फ्रीज सपाट नसला की द्रव भलत्याच कोपऱ्यात साचतो. वरुडहून निघणारी गाडी सपाट कुठे राहणार?

आणि मुख्य अडचण आकाराची आहे. दीड टन संत्रा ३० वरून ७ अंशांवर आणायला ३६ युनिट थंडावा लागतो. तीन तासांच्या प्रवासात तो द्यायचा तर १२ किलोवॉटचं, म्हणजे एसीच्या मापाने सव्वातीन टनांहून मोठं यंत्र हवं. या जातीचा फ्रीज एक युनिट उष्णतेतून ०.१ ते ०.२ युनिट थंडावा देतो. म्हणजे किमान ६० किलोवॉट उष्णता हवी, आणि रस्त्यावर चालत्या पिकअपच्या सगळ्या धुरात मिळून त्याच्या निम्मीही नसते. गाडी फाटकाला थांबली की तीही गेली. अमोनियाचा दाबाखालचा साठा फळाच्या डब्याला लावून गर्दीतून नेणं हे तर आम्ही कुणालाच सुचवणार नाही.

फळाची उष्णता काढायची ती गाडीत चढवण्याआधी. पहाटे दवात तोडणी करू नका. पाण्याने टच्च भरलेल्या सालीतल्या तेलाच्या पेशी फुटतात आणि दोन दिवसांनी सालीवर डाग येतात. दव वाळल्यावर तोडा, माल झाडाखाली नव्हे तर हवेशीर मांडवाखाली ठेवा आणि रात्री भरा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा. १६५ बाय ११५ सेंमीचा विटांचा तळ, त्यावर ६७.५ सेंमी उंचीची दुहेरी भिंत, भिंतींमध्ये ७.५ सेंमी वाळू आणि वर ओल्या पोत्यांचं झाकण. त्यात शंभरेक किलो माल मावतो, तेव्हा लागतील तेवढे बांधा. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. मृगाचा बहार निघतो त्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त उतरतं. पावसाळी दमट हवेत मात्र त्याचा उपयोग होत नाही.

गाडीत आणखी एक जागा बघा. मागच्या हौद्याच्या तळाखालून सायलेन्सर जातो, आणि नेमक्या त्याच्या वरच्या क्रेटमधला माल आधी सडतो. तिथे पत्र्याची आड आणि तिच्यावर दोन बोटं हवेची फट ठेवा, क्रेट लाकडी फळ्यांवर मांडा. शीतगृहात ठेवायचं झालं तर ६ ते ७ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता ठेवा. ५ च्या खाली नागपुरी संत्र्याला थंडी बाधते.

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे १२५ केव्हीएचा जनरेटर आहे. सोयाबीन बियाणं ठेवायला थंड खोली करायची आहे. उष्णतेवर चालणारा चिलर लावावा का? — ता. रिसोड, जि. वाशिम

इथे मात्र विचार करण्यासारखं आहे, पण जनरेटर रोज किती तास चालतो यावर सगळं अवलंबून आहे.

७५ किलोवॉट लोडवर हा जनरेटर तासाला २१ लिटर डिझेल घेतो. जॅकेटच्या पाण्यातून ४५ आणि धुरातून ४०, अशी ८५ किलोवॉट उष्णता हाती लागते. ८५ ते ९५ अंशांच्या पाण्यावर चालणारा, लिथियम ब्रोमाइड या मिठाच्या द्रावणाचा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) तिच्यातून ५५ किलोवॉट, म्हणजे साडेपंधरा टन थंडावा देतो. विजेच्या चिलरला त्यासाठी १६ ते १८ किलोवॉट वीज लागली असती. पंप आणि यंत्राची उष्णता बाहेर फेकणाऱ्या कूलिंग टॉवरच्या पंख्याचा खर्च वजा जाता तासाला साडेतीन-चार लिटर डिझेल वाचतं. रोज आठ-दहा तास चालणाऱ्या जनरेटरला हा सौदा आहे. दिवसाला दोन तास चालणाऱ्याला नाही. आणि महावितरणची वीज असताना उष्णता मिळावी म्हणून जनरेटर सुरू ठेवणं तर कधीच परवडत नाही.

हा चिलर ७ अंशांचं पाणी देतो, त्यावर खोली १२ ते १५ अंशांवर राहते. बियाण्याला ते उत्तम आहे. ह्याच खोलीत पुढे संत्रा ठेवू असा विचार असेल तर तो सोडा, त्याला अमोनियाचं यंत्र लागेल. यंत्र इतकं थंड करतं तेव्हा ८५ आणि ५५ मिळून १४० किलोवॉट उष्णता बाहेर फेकावी लागते. कूलिंग टॉवरमध्ये त्यासाठी तासाला २०० लिटरहून जास्त पाणी उडून जातं, आणि क्षार वाढू नयेत म्हणून टाकून द्यावं लागणारं धरून २५० ते ३०० लिटर. मे महिन्यात ४५ अंशांत यंत्र चालेल का, अशी शंका सगळ्यांना असते. चालतं, कारण आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते आणि टॉवरचं पाणी तिशीच्या आत येतं. अडतं ते पाण्यापाशी. मे महिन्यात रोज अडीच-तीन हजार लिटर पाणी कुठून आणणार, हे आधी ठरवा.

बिघाड दोन ठरलेले. यंत्र निर्वात असतं, हवा आत शिरली की थंडावा रोडावतो आणि आतलं लोखंड गंजतं. म्हणून निर्वात पंप आठवड्याला चालवून किती हवा निघते याची नोंद ठेवा. दुसरा, अचानक बंद पडणं. मीठ घट्ट झालेलं द्रावण पातळ होण्याआधी पंप थांबला तर ते थंड होऊन नळ्यांत साखरेसारखं गोठतं आणि सोडवायला दिवस जातो. तुमच्याकडे जनरेटर बंद झाला की चिलरचे पंपही थांबतील. तेव्हा द्रावण आणि प्रशीतकाचे पंप वीसेक मिनिटं चालतील एवढा यूपीएस चिलरबरोबरच घ्या.

जनरेटरच्या रेडिएटरसमोर मिरची वाळवली तर? — ता. भिवापूर, जि. नागपूर

चालेल. २५ केव्हीएच्या रेडिएटरमधून बाहेर पडणारी हवा बाहेरच्यापेक्षा बारा-पंधरा अंशांनी गरम असते. जानेवारी-फेब्रुवारीत ती ४०-४५ वर जाते आणि तासाला सहा-सात लिटर पाणी सुकवते. ट्रे रेडिएटरपासून किमान दीड मीटर दूर ठेवा आणि वाट रुंद ठेवा. पंख्याला कोंडमारा झाला तर इंजिन तापेल. धूर मात्र मिरचीवर कधीही सोडू नका. काजळी आणि त्यातले विषारी घटक सालीत बसतात, धुतल्याने जात नाहीत. वाळवण बंद खोलीत असेल तर सायलेन्सरचं तोंड छपराच्या वर न्या. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

थ्रेशरवर ट्रॅक्टर तापत होता म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता तापत नाही, पण डिझेल वाढलं. — ता. चिमूर, जि. चंद्रपूर

थर्मोस्टॅट परत बसवा, त्याच नंबरचा. तो इंजिनला ८० अंशांच्या वर ठेवतो. तो काढला की हलक्या कामात आणि हिवाळ्याच्या सकाळी इंजिन तासन् तास थंड चालतं, आणि वर आर्वीच्या उत्तरात सांगितलेलं सगळं तुमच्याही ट्रॅक्टरला लागू होतं. जुना थर्मोस्टॅट फेकण्याआधी पातेल्यात थर्मामीटरसह दोऱ्याने टांगून पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या जवळपास तो उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. उघडत नसेल तरच तो दोषी.

तापण्याचं मूळ कारण बहुतेक कुटार आहे. तुरीचा आणि सोयाबीनचा भुसा रेडिएटरच्या पट्ट्यांत चिकटतो. जाळी समोरून स्वच्छ दिसते आणि आत गच्च भरलेली असते. दर तीन-चार तासांनी इंजिन बंद करून, निवल्यावर, पंख्याच्या बाजूकडून बाहेर अशी हवा मारा. बाहेरून आत मारली तर भुसा आणखी खोल रुततो. पाण्याची धार मारायची तर मंद मारा, जोराच्या धारेने पट्ट्या वाकतात. ट्रॅक्टर अशा बाजूने उभा करा की वारा भुसा त्याच्यापासून दूर नेईल. पट्टा अंगठ्याने दाबला तर एक-दीड सेंटिमीटर दबावा, त्याहून ढिला असेल तर पंखा घसरतो. रेडिएटरचं झाकण दाब धरतं का तेही पाहा. त्याचं रबर कडक झालं असेल तर पाणी लवकर उकळतं आणि दोष थर्मोस्टॅटवर येतो.